प्रवरेच्या काठाने पायी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आहार, बालसंगोपन, काटकसर असा काहीतरी उपयोगाचा विषय असतो. चिटणीसबाईंनी मला मात्र "तुम्ही त्या नदीकाठाने चालत गेलात ना, तेच सांगा" असे फर्मावले. सकाळपासून रात्रीपर्यंत पायांवर उभ्या असणाऱ्या बायकांना चालण्याचे कौतुक काय सांगायचे, असा मला प्रश्न पडला. परंतु मंडळाचा हुकूम मोडवत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

आम्ही सातजणी होतो. धाकटी पस्तिशीची, थोरली एकसष्ट वर्षांची. प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडावर उगम पावते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. लांबी सुमारे दोनशे किलोमीटर, आणि वाट सारी आपल्याच जिल्ह्यातली. ही सगळी वाट आम्ही एका दमात चाललो असे कृपा करून समजू नका. घरदार, नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा सांभाळून तीन हिवाळ्यांत तीन टप्पे केले: डोंगराकडचा, मधल्या काठाचा आणि संगमाकडचा. राहिलेले अंतर एस.टी.ने.

रतनवाडीजवळ भात कापणाऱ्या एका बाईने आम्हांला पाहून विळा थांबवला आणि विचारले, "काय हरवलंय का तुमचं, बायांनो?" आम्ही म्हटले, "नाही हो, नदी पाहायला निघालोय." तिला ते काही पटले नाही. "नुसतीच बघाया?" असे म्हणून ती हसली आणि पुन्हा कापणीला लागली. पुढे दोन्ही हिवाळ्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकला. चार पुरुष पाठीला पिशव्या अडकवून डोंगराकडे निघाले तर त्यांना कोणी असे विचारीत नाही. बाईच्या चालण्याला मात्र कारण लागते. पाण्याला, सरपणाला, शेतावर, बाजाराला किंवा वारीला जात असेल तर ती हवी तितकी चालो. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीबरोबर चालत गेल्या आणि त्यांनी त्यावर 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो पुष्कळजणींनी वाचला असेल. वारीचे निमित्त असले म्हणजे घरचेही अडवीत नाहीत. पण नुसते पाहण्यासाठी चालायचे म्हणजे अजूनही घरी सात वेळा सांगावे लागते.

आणि गंमत अशी, की याच भागात महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे, आणि ते एका बाईच्या नावाचे आहे. कळसूबाई, १,६४६ मीटर. तिची गोष्ट बारी गावात सांगतात ती अशी: काळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण भांडी घासणे आणि केर काढणे ही दोन कामे करणार नाही, असे तिने आधीच बजावले होते. एके दिवशी घरी पाहुणे आले आणि तिला नेमकी तीच कामे करावी लागली. ती केली, आणि ती डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून आजही दाखवतात. गोष्ट खरी की खोटी हा वाद मी घालीत नाही. नवरात्रात हजारो लोक तिच्या दर्शनाला शिखरावर चढतात, आणि त्यांत बायका पुष्कळ असतात, एवढे मात्र खरे.

आता पहिला टप्पा. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या मंदिरापासून आम्ही रतनगडाच्या वाटेने आत गेलो. तिथे प्रवरा एवढीशी आहे, की तिच्यातून दगडांवर पाय ठेवीत पलीकडे जाता येते, आणि गडाची वाट तिला पुन्हा पुन्हा ओलांडते. दोन्ही बाजूंना दाट रान. सिमला-नैनितालला जाऊन आलेल्या मैत्रिणी तिथल्या पाइनच्या, म्हणजे चीड वृक्षांच्या, अरण्याचे वर्णन करतात तेव्हा आपणही मान डोलावतो. पाइनचे अरण्य आपल्याकडे नाही. पण आपल्याच जिल्ह्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, आंबा यांचे रान आहे, त्यात शेकरू फांद्यांवरून उड्या मारीत जाते, आणि ते आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहे? मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, ह्याच झाडांवर लाखो काजवे लागतात आणि झाडेच्या झाडे एका तालात उजळतात व विझतात. चैत्र-वैशाखात इथल्या बाया कोवळा बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. घरात रोख पैसा येण्याचे ते एक मोठे साधन आहे. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणी घरात जपून ठेवली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, हे इथल्या शिकलेल्या बायकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ह्या रानाचे नदीशी नाते काय, ते तिथे चालताना पायांना कळते. घाटघर-रतनवाडीकडे एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीच नदी नेवाशाला पोचते तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम पाचसहाशे मिलिमीटर. म्हणजे खालच्या प्रवरेत वाहते ते पाणी बहुतेक वरचेच. डोंगरावर पडलेला पाऊस झाडांची मुळे आणि पालापाचोळा धरून ठेवतात व सावकाश सोडतात. पावसाळा संपून महिना लोटला होता, तरी झाडाखाली पाय ठेवला की माती दबत होती आणि पाऊलभर ओल वर येत होती. तेच उघड्या उतारावर पाय ठेवला की मुरूम खडखडत होता. यापेक्षा निराळा धडा शाळेत काय देणार?

खाली उतरले की भंडारदऱ्याचे धरण लागते. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी काम पाहून आजही मान वर करावी लागते. पुढे रंधा धबधबा, मग निळवंड्याचे धरण, अकोल्याला अगस्तींचा आश्रम, संगमनेरला म्हाळुंगीचा संगम, आणि त्याखाली ओझरचा बंधारा. त्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे कालवे निघाले आणि नदीच्या दोन्ही बाजूंचा मुलूख पालटला. बाजरीच्या जागी ऊस आला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज आपल्या जिल्ह्याची जी सुबत्ता आहे, तिच्यात या नदीचा वाटा केवढा, हे मी सांगायला नको. नदीला कोणी कोरड्या उपदेशाने वाचवा म्हणू लागले तर मी तरी आधी हे आठवते. आपल्या चुलीतला जाळ आणि चहातली साखर ह्याच पाण्यावर आहे.

दुसरा टप्पा या मधल्या काठाचा, आणि मला जे बोलायचे आहे ते मुख्यतः इथलेच आहे.

संगमनेरच्या खाली नदी डोंगर सोडते आणि पसरते. काठाला सपाट, काळी, भुसभुशीत जमीन असते. तिला आपण मळई म्हणतो. ही जमीन कोणी केली? पुराने. नदीला पूर येतो, ती पात्राबाहेर पडते, पाणी संथ होते, आणि वरून आणलेला गाळ तिथे बसतो. शेकडो वर्षे असे झाले तेव्हा ही मळई झाली. पूर म्हणजे केवळ संकट, असे आपण मानतो; पण पुराचे पाणी काठावर पसरते म्हणूनच त्याचा जोर मोडतो, खालच्या गावाला कमी बसते, आणि तेच पाणी जमिनीत मुरून विहिरींना येते. पसरायला जागाच ठेवली नाही तर ते पाणी पुढच्या गावाच्या उंबऱ्यावर जाते. ह्यासाठी सरकारने पूररेषा आखण्याची पद्धत घातली आहे. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम. नियम चांगला आहे. पण रेषा नकाशावर असते आणि घरे जमिनीवर असतात.

दुसरी गोष्ट वाळूची. माझ्या सासूबाई सांगत, की उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत कलिंगडा-खरबुजांच्या वाड्या होत, आणि हाताने हातभर झिरा खणला की स्वच्छ पाणी लागे. वरून कोरडी दिसणारी नदी आतून ओली असते, कारण वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी साठून राहते. वाळू म्हणजे नदीचा माठ. ती उपसून नेली की पात्र खोल जाते, खडक उघडा पडतो, पाणी थांबत नाही, आणि काठच्या विहिरींचे पाणी पात्राकडे ओढले जाते. आम्ही चाललो त्या काठावर अशा जागा दिसल्या, की जिथे आमच्यातल्या थोरल्या बाईंना लहानपणची वाळवंटे आठवत होती आणि समोर मात्र डबकी व काळा खडक होता. एका वस्तीवरच्या वहिनींनी आम्हांला ताक दिले आणि म्हणाल्या, "आधी विहिरीला दोन परस पाणी राहायचं, आता चैतातच तळ दिसतो." कोणी वाळू नेली, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. नवी घरे आपल्यालाही हवी आहेत आणि ती वाळूशिवाय होत नाहीत. पण माठ फोडून घर बांधू नये, एवढे शहाणपण बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट पाणथळीची. कालव्याच्या पट्ट्यात काही शेते चिबड झालेली आहेत. पाणी फार दिले, निचरा झाला नाही, जमिनीतले क्षार वर आले. पांढरा थर चढतो आणि पीक येत नाही. ही माणसाने केलेली दलदल. नदीची स्वतःची पाणथळ निराळी. ओढा नदीला मिळतो तिथे लव्हाळे, पाणकणीस माजलेले असते. तिथे गाळ अडतो, पाणी गाळले जाते, मासे अंडी घालतात, शेकाट्या आणि तुतवार चिखलात चोची खुपसून चरतात. दोन्हीकडे पाय घोट्यापर्यंत रुततात, पण एका ठिकाणी जमीन मेलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी ती भरल्या घरासारखी गजबजलेली असते. मोटारीतून जाताना दोन्ही सारखीच दिसतात.

ह्या काठावर माणूस किती जुना आहे, हेही सांगते. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९५८ पासून उत्खनन झाले. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या इथेच घडवल्या की दुरून आल्या, हा पंडितांचा प्रश्न आहे. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली खोदकाम झाले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली, आणि एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्याचा अंश तांब्याला चिकटून राहिला होता म्हणून टिकला. कोणा आईने ती माळ ओवली असेल. त्याच नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अशा काठावर आपण राहतो.

तिसरा टप्पा संगमाकडचा. प्रवरासंगमाजवळ नदी थांबते, कारण पुढे जायकवाडीच्या धरणाचा फुगवटा आहे. १९६५ साली पायाभरणी झाली आणि १९७६ साली धरण पुरे झाले. पैठणच्या नाथसागराचे हे पाणी आपल्या शेवगाव-नेवासे तालुक्यांत शिरले आहे. शंभराहून अधिक गावे त्याखाली गेली. तळे विस्तीर्ण पण उथळ, त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी काठ दूरवर उघडा पडतो. त्या उघड्या गाळात लोक हरभरा, गहू पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. हिवाळ्यात त्याच उथळ पाण्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाकांच्या जोड्या येतात, चित्रबलाक उभे असतात, आणि नशिबात असेल तर रोहित पक्ष्यांचा थवा दिसतो. आम्हांला तो दिसला. सातजणी कितीतरी वेळ बोललो नाही, आणि हे आमच्या बाबतीत फारसे घडत नाही.

तिथे गाळपेरीत खुरपणाऱ्या एका आजींनी पाण्याकडे हात करून सांगितले, "आमचं गाव तिथं खाली हाय. लई पाणी आटलं तर देवळाचा ओटा दिसतो." पाखरे पाहून भारावलेल्या आम्ही तिथे जरा वरमलो. ज्या पाण्याला आम्ही सुंदर म्हणत होतो, त्याच्या तळाशी तिचे न्हाणीघर होते.

आता मला जे सुचले ते सांगते. १९८६ साली सरकारने दोन अभयारण्ये जाहीर केली. एक कळसूबाई-हरिश्चंद्रगडचे, म्हणजे प्रवरेच्या उगमाकडले. दुसरे जायकवाडीचे पक्षी अभयारण्य, म्हणजे तिच्या शेवटाकडले. एकाच नदीच्या दोन्ही टोकांना एकाच वर्षी राखण मिळाली. कागदावरची असो, थोडीफार असो, पण मिळाली. मधल्या दीडशेहून अधिक किलोमीटरांना मात्र कोणी राखणदार नाही. तिथे अरण्य नाही, रोहित पक्षी नाहीत, धबधबा नाही. तिथे ऊस आहे, मळई आहे, वाळू आहे, विहिरी आहेत, आणि तिथेच आपण राहतो. पाण्याचा हिशेब होतो. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचे, याचे समन्यायी वाटपाचे वाद दर पावसाळ्यानंतर वर्तमानपत्रात येतात. पण ते पाणी ज्या पात्रातून जायचे त्या पात्राचा, त्याच्या काठाचा आणि पाणथळीचा हिशेब कोणाच्या वहीत नाही.

म्हणून मला वाटते, ती वही आपण घालावी. आपल्या दारची नदी प्रवरा नव्हे, सीना आहे, हे मला ठाऊक आहे. तीही पुढे जाऊन भीमेला मिळते. २०२४ साली आपल्या शहराला आणि जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्यादेवी चौंडीच्या, सीनेच्याच काठच्या. त्यांनी देशभर नद्यांना घाट बांधले. आपल्याला घाट बांधायचे नाहीत. मंडळाने वर्षातून तीनदा, पावसाळ्याआधी, दिवाळीनंतर आणि माघात, सीनेच्या काठाचा एक ठरलेला तुकडा चालावा आणि मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे: पाणी कुठे आहे, कुठल्या रंगाचे आहे, काठच्या विहिरीत किती आहे, कुठे भराव पडला, कुठली पाखरे दिसली. पाच वर्षे असे लिहिले तर त्या वहीला वजन येईल. नगरपालिकेपुढे, म्हणजे आता महानगरपालिकेपुढे, "आम्हांला वाटते" असे म्हणण्यापेक्षा "आमच्याकडे लिहिलेले आहे" असे म्हणता येईल.

ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. चपला नकोत, मागे पट्टा असलेले किंवा बंद बूट हवेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन लिटर पाणी पुरते. सकाळी उजाडता निघावे आणि अकराच्या आत सावली गाठावी. आडोशाची अडचण ही आम्हां बायकांची खरी अडचण आहे. तिच्या भीतीने पाणी न पिता चालू नये. ओळखीच्या वस्तीवर आधी निरोप देऊन ठेवला की ती सुटते. अभयारण्यात जायचे तर वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी. आणि पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात उतरू नये. वरून पाणी सोडले की ते सांगून येत नाही, आणि भोंगा झाला तरी तो सगळ्यांना ऐकू जातोच असे नाही.

घरी काय सांगायचे, हा प्रश्न उरतो. "मंडळाचे काम आहे" असे सांगावे. ते खोटे होणार नाही, कारण आजच्या सभेने ठराव केला तर ते मंडळाचे कामच असेल. कोणी "काय हरवलंय का?" असे विचारले तर त्यांनाही सोबत घ्यावे, नदीकाठच्या बायांना आपल्यापेक्षा पुष्कळ माहिती असते.

वही मी आणली आहे. ती चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवते. पहिल्या पानावर नावे घालायची आहेत.